लाँग लीफची आरागिरणी आणि तिचे फिरते रूळ

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, अलेक्झांड्रिया शहराच्या दक्षिणेला लाँग लीफ नावाचे छोटे गाव आहे. तेथे १८९२ मध्ये केलेब क्रोवेल आणि अलेक्झांडर स्पेन्सर यांनी आरागिरणी सुरू केली. त्या काळात उत्तरेच्या मिशिगन, विस्कॉन्सिन राज्यांकडील पांढऱ्या पाइनची जंगले संपत आली होती आणि लाकूड व्यापाऱ्यांचे भांडवल दक्षिणेकडे वळले होते. १८७६ मध्ये कायदा बदलल्यामुळे दक्षिणेतील सरकारी वनजमिनीचे मोठमोठे पट्टे विकत घेणे शक्य झाले होते आणि एकरामागे सव्वा डॉलर इतक्या कमी भावातही ती जमीन मिळत असे.

या जमिनीवर लाँगलीफ या पाइनच्या जातीचे राज्य होते. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर ही वने पसरलेली होती. जुन्या झाडाचा गाभा राळेने इतका भरलेला असे की ते लाकूड सहजी कुजत नसे आणि भारही चांगला पेलत असे. म्हणूनच पूल, गोद्या, कारखान्यांच्या तुळया यांसाठी त्याला मोठी मागणी होती. अडचण होती ती वाहतुकीची. असे जड ओंडके बैलगाडीने फार लांब नेणे परवडत नसे आणि राळेने भरलेला ओंडका नदीत सोडला तर बुडण्याची भीती असे. शिवाय बरेचसे उत्तम जंगल नद्यांपासून दूर होते. त्यामुळे गिरणीने स्वतःचे लोहमार्ग बांधले. त्यांतील मुख्य मार्ग ‘रेड रिव्हर अँड गल्फ’ या नावाने सार्वजनिक वाहतूकही करत असे.

खरे कौतुक मात्र मुख्य मार्गाचे नव्हे, तर त्यातून जंगलात शिरणाऱ्या फाट्यांचे आहे. जमीन बहुतांशी सपाट असल्याने फारसे भराव न घालता झाडे कापून वाट मोकळी करायची, तेथलेच कच्चे लाकूड स्लीपर म्हणून टाकायचे, त्यावर रूळ ठोकायचे आणि आजूबाजूचे जंगल संपले की तेच रूळ उचलून पुढे न्यायचे, अशी ही पद्धत होती. रुळांवर उभ्या असलेल्या ‘स्किडर’ नावाच्या वाफेच्या यंत्रातून पोलादी दोर चारी दिशांना जात आणि तोडलेले ओंडके जमिनीवरून फरफटत रुळांपाशी येत. ओढून झालेला दोर परत जंगलात नेण्याचे काम पूर्वी घोडे-खेचरे करत; नंतर ‘रिहॉल’ प्रकारच्या स्किडरमध्ये तेही यंत्राकडे आले. ओंडके वाघिणींवर चढवण्यासाठी डुलुथ शहरातील क्लाइड आयर्न वर्क्स या कारखान्याचे मॅकगिफर्ट यंत्र असे. ते आपली चाके वर उचलून रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे राही, आणि रिकाम्या वाघिणी त्याच्या पोटाखालून सरकत. इतकी नेटकी रचना त्या काळच्या अवजड यंत्रांत क्वचितच दिसते.

परंतु याच रचनेने जंगलाचे भवितव्य ठरवले. दोन फाट्यांमधले अंतर स्किडरच्या दोराच्या लांबीवर बेतलेले असे आणि रूळ टाकण्याचा खर्च त्या पट्ट्यातल्याच लाकडातून वसूल करावा लागे, त्यामुळे बियांसाठी मोठी झाडे राखून ठेवणे हिशेबात बसत नसे. फरफटणारे ओंडके वाटेतली लहान रोपेही चिरडून टाकत. करवतीला दोष देणे सोपे आहे, पण गिरणीतली करवत तिच्यापर्यंत येईल तेवढेच कापत होती. काय आणायचे, हे रुळांचे गणित ठरवत होते.

लाँगलीफची जीवनकथा या गणिताशी मुळीच जुळणारी नव्हती. हे झाड चांगले बी काही वर्षांच्या अंतराने धरते आणि ते बी उघड्या मातीवर पडले तरच नीट रुजते. रुजलेले रोप पुढची काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत राहते. त्या काळात ते खाली सोटमूळ वाढवत असते आणि दाट सूचिपर्णांच्या आड शेंड्याचा कोंब वणव्यापासून वाचतो. त्यानंतर ते झपाट्याने उंच होते. हलका, वारंवार येणारा वणवा गवत आणि स्पर्धक झुडपे आवरत असल्याने या झाडाला उपकारकच ठरतो. तोडीनंतर बी देणारी झाडे उरली नाहीत, मोकाट डुकरांनी रोपांची रसाळ मुळे उकरून खाल्ली, आणि पुढे वणवे विझवण्याचे धोरण आल्यावर इतर झाडोऱ्याने जागा व्यापली. विसाव्या शतकाच्या अखेरीस ९ कोटींपैकी जेमतेम ३० लाख एकर वन उरले होते.

दक्षिणेतील पाइन लाकडाचे उत्पादन १९०९ च्या सुमारास शिखरावर होते. पुढच्या दोन-तीन दशकांत शेकडो गिरण्या जंगल संपवून बंद पडल्या. लाँग लीफची गिरणी मात्र १९६९ पर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात न्यू ऑर्लिन्समध्ये बांधल्या गेलेल्या, सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींसाठी तिने लाकूड पुरवले. तोपर्यंत जंगलातल्या रुळांची जागा ट्रक घेऊ लागले होते. बंद झाल्यावर यंत्रे भंगारात न जाता जागेवरच राहिली, ही एक दुर्मीळ गोष्ट. आज तेथे सदर्न फॉरेस्ट हेरिटेज म्युझियम आहे. रिहॉल स्किडर, मॅकगिफर्ट आणि वाफेची इंजिने तेथे पाहता येतात. दक्षिणेतील अनेक वनक्षेत्रांत आता रोपवाटिकांतील लाँगलीफची रोपे लावली जात आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी जाणीवपूर्वक आग लावून त्यांच्यासाठी जमीन मोकळी ठेवली जाते.