डिश भंगारात काढायची घाई नको

‘आता सगळे टीव्ही नेटवर जाणार, डिश बंद होणार’ हे अनेक वर्षं ऐकू येतंय आणि त्या धास्तीने लोक गरज नसताना ब्रॉडबँड घेतात. यात अर्धंच खरं आहे. पैसे भरून डीटीएच, म्हणजे घरच्या डिशवरचा टीव्ही, पाहणारे खरोखर घटलेत. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकड्यांत 2020 मध्ये ते 7 कोटींच्या आसपास होते, 2024 अखेरीस 6 कोटींच्या खाली आले. पण गेलेले सगळेच स्ट्रीमिंगकडे गेले नाहीत. बरेच जण प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशकडे वळले. 2004 पासूनची ही सेवा, आणि तीही डिशवरचीच! बॉक्स एकदा विकत घेतला की महिन्याचं रिचार्ज नाही. सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते.

उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवरून एकच सिग्नल सोडतो. तो दहा घरांनी घेतला काय नि दहा लाखांनी, पाठवण्याचा खर्च तोच. स्ट्रीमिंगमध्ये सहसा प्रत्येक घराला वेगळा डेटा पाठवावा लागतो आणि एचडी चित्राला तासाला दोन-तीन जीबी सहज जातात. मोबाइलचा रोजचा दीड जीबी एका मॅचलाही पुरत नाही. घरात चांगलं फायबर असेल तर खुशाल बदला. फायबर न पोचलेल्या वाडीवर मात्र डिशच भरवशाची.