लॉकडाऊनमधे कार्बन डायऑक्साइड कमी झाला होता का?

"2020 च्या लॉकडाऊनमधे गाड्या बंद होत्या म्हणून हवेतला कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला," हा फॉरवर्ड आमच्या साताऱ्यातल्या ग्रुपांवर अजून फिरतोय, सोबत एक्यूआय (हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा आकडा) अ‍ॅपचा हिरवागार स्क्रीनशॉट. पण गंमत म्हणजे आपल्याकडच्या एक्यूआयमधे कार्बन डायऑक्साइड धरतच नाहीत! त्यात धूळकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड (हा वेगळा, गल्लत करू नका) असे आठ घटक आहेत. त्यातले बरेचसे कमी झाले हे खरंय, कारण धूळकण पावसानं धुऊन जातात, नायट्रोजन डायऑक्साइड काही तासांतच मोडतो.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही, तो साठत जातो. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून मोजतायत, तेव्हा 315 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 315 भाग) आसपास होता, 2019 ची सरासरी 412 आणि 2020 ची 414, म्हणजे वाढलाच की! त्या वर्षी जगाचं उत्सर्जन घटलं ते 5 टक्क्यांच्या आसपास. पाण्याची टाकी भरणारा नळ थोडा बारीक केला तर पातळी उतरते होय?

आणि शहरात एकदा मोजून काय कळत नाही बघा. थंडीत पहाटे अजिंक्यताऱ्यावरून खाली बघा, बंबांचा धूर घरांवरच पसरून थांबलेला दिसतो, हवा वर सरकतच नाही, तेव्हा कार्बन डायऑक्साइडही जास्त भरतो, दुपारी ऊन तापलं की हवा ढवळते आणि आकडा उतरतो. त्यात पावसाळ्यात हिरवळ वाढली की झाडं ओढून घेतात ते वेगळंच. म्हणून वर्षानुवर्षं एकाच जागी मोजावं लागतं.