गिनीपिगची खाज : दिसणाऱ्या उवा आणि न दिसणारे माइट

गिनीपिगच्या केसांत काही वळवळताना दिसले की अनेक घरांत त्याला सरसकट ‘गोचीड’ म्हटले जाते आणि पाठोपाठ कुत्र्यासाठी आणलेले औषध बाहेर निघते. घरात पाळलेल्या गिनीपिगवर गोचीड मात्र क्वचितच आढळतो. आढळतात त्या उवा आणि माइट, म्हणजे केसांत किंवा त्वचेत राहणारे अतिसूक्ष्म परजीवी. यांतली डोळ्यांना दिसणारी ऊ बहुधा कमी त्रासाची असते. जो माइट दिसतच नाही, तो प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो.

उवांच्या दोन जाती नेहमी सापडतात : लांबट अंगाची ग्लिरिकोला पोर्सेली आणि गोलसर अंगाची गायरोपस ओव्हॅलिस. एक-दीड मिलिमीटर लांबीच्या या उवा केस बाजूला सारले की हलताना दिसतात आणि त्यांच्या लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या असतात. त्या माणसाच्या डोक्यात राहू शकत नाहीत, त्यामुळे मुलांना गिनीपिगपासून दूर ठेवण्याची घाई करण्याचे कारण नाही. केसांना धरून राहणारा कायरोडिस्कॉइड्स कॅव्हिए हा माइट याहूनही बारीक असतो. काळ्या कागदावर गिनीपिगचे केस विंचरून भिंगाने पाहिल्यास कोंड्यातले काही कण चालू लागतात, आणि मगच तो कोंडा नव्हता हे कळते.

खरा शत्रू ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिए हा आहे. १९७२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा माइट माणसाला खरूज करणाऱ्या सार्कोप्टिसच्याच कुळातला असून त्याची मादी त्वचेत बोगदा खणून अंडी घालते. मान, खांदे, पाठ आणि मांड्यांच्या आतील भाग येथील केस जातात, त्वचा जाड व खपलीदार होते, आणि खाज इतकी अनावर होते की खाजवता खाजवता प्राण्याला झटके येतात. हे झटके पाहून मेंदूचा विकार असावा असा समज होणे स्वाभाविक आहे, पण अशा वेळी आधी त्वचा तपासून घ्यावी. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरी खोल दडलेला माइट दर वेळी हाती लागत नाही; म्हणून लक्षणे स्पष्ट असतील, तर पशुवैद्य तपासणीत काही न सापडताही उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

केस गेले म्हणजे माइटच, असेही नाही. कानांमागचा केसविरहित भाग तर प्रत्येक गिनीपिगला जन्मतःच असतो. नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती कोरडे, खपलीदार चट्टे असतील तर बुरशीची शंका घ्यावी. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत असतील आणि खाज नसेल, तर कारण अनेकदा अंडाशयातील गाठींत असते. माइटच्या औषधाने यांपैकी काहीही बरे होत नाही.

माइटवर मुख्यतः आयव्हरमेक्टिन किंवा मानेवर थेंब टाकून दिले जाणारे सेलामेक्टिन वापरतात. आयव्हरमेक्टिन ज्या संशोधनातून आले, त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध परजीवीच्या चेतापेशींतील ज्या मार्गिकांवर काम करते त्या सस्तन प्राण्यांत नसतात, म्हणून योग्य मात्रेत गिनीपिग सुरक्षित राहतो आणि माइट लुळा पडून मरतो. मात्र ‘योग्य मात्रा’ हीच येथे अवघड गोष्ट आहे. जनावरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला किलोमागे ०.३ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यायचे झाल्यास ०.०२७ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी औषध लागते. घरी अंदाजाने देण्याचे हे काम नव्हे. शिवाय औषध अंड्यांवर चालत नसल्याने, अंडी फुटून नवे माइट बाहेर येतात तेव्हा, साधारणपणे ७ ते १४ दिवसांच्या अंतराने, ते पुन्हा द्यावे लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज थांबली म्हणून पुढची टाळणे हे रोग उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. एकत्र राहणाऱ्या सर्वच गिनीपिगना, त्यांतला एखादा धडधाकट दिसत असला तरी, औषध द्यावे.

कडुनिंबाचे तेल, कापूर, रॉकेल किंवा तंबाखूचे पाणी यांचे प्रयोग मुळीच करू नयेत, कारण गिनीपिग अंग चाटतो आणि जे त्वचेवर लावले ते पोटात जाते. खाजवून झालेल्या जखमांवर घरातील अमॉक्सिसिलिन पाजणे तर घातकच. त्याने आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरून प्राणी दगावू शकतो. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय असताना नागपूरकरांना या धोक्यात पडण्याचे कारणही नाही.

माइट अंगावर असूनही कित्येक गिनीपिग महिनोन्महिने ठीक दिसतात आणि ताण पडला की आजारी पडतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि २८-३० अंशांपुढेच गिनीपिगला त्रास सुरू होतो. पिंजरा थंड जागी हवा, पण कुलरच्या थेट झोतात नको, कारण ओलसर अंथरुणात बुरशी धरते. दुसरे कारण आहाराचे. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही आणि ते कमी पडले की त्वचा व प्रतिकारशक्ती दोन्ही ढासळतात. संत्रानगरीत हे लिहिणे धाडसाचे आहे, पण या कामी शिमला मिरची संत्र्याहून सरस ठरते : तिच्यात हे जीवनसत्त्व दुपटीहून अधिक आणि साखर कमी असते. संत्र्याची एखादी फोड अधूनमधून चालते.

उपचार चालू असताना अंथरूण प्रत्येक मात्रेच्या दिवशी पूर्ण बदलावे, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा आणि लाकडी खोपा शक्यतो टाकून द्यावा. या काळात हाताळणाऱ्याच्या हातांवर किंवा पोटावर खाजणारे लाल पुरळ आले, तर घाबरू नये. ट्रिक्सॅकॅरस माणसाच्या त्वचेत फार काळ टिकत नाही आणि गिनीपिग बरा झाला की ते सहसा आपोआप जाते. कडा उठावदार असलेला गोल चट्टा मात्र बुरशीचा असू शकतो, आणि तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना घरात गिनीपिग आहे हे आवर्जून सांगावे.