साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो?

‘कॅन्सरच्या पेशी फक्त साखरेवर जगतात; साखर तोडा, गाठ आपोआप विरेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मुळात एक खरं निरीक्षण आहे. ऑक्सिजन मुबलक असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं रूप) करतात, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात दिसलं. १९५६ मध्ये त्यांनी त्याचं खापर पेशींच्या बिघडलेल्या श्वसनावर, म्हणजे ऑक्सिजन वापरून इंधन जाळण्याच्या क्रियेवर, फोडलं. घोळ झाला तो इथे.

आता हा कारभार गाठीला हातही न लावता एमआरआयने पाहता येतो. कार्बन-१३ (कार्बनचा थोडा जड प्रकार) असलेलं पायरुवेट, म्हणजे ग्लुकोजचं लॅक्टेट होतानाचा मधला रेणू, अतिथंड तापमानाला मायक्रोवेव्हने ध्रुवित करायचं (त्याच्या अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा जुळवायची), झटकन विरघळवायचं आणि शिरेतून द्यायचं. सिग्नल १०,००० पटींहून जास्त वाढतो, पण एक-दोन मिनिटांत मावळतो. म्हणून सगळी धावपळ. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सिग्नलच्या आलेखात, १७१ पीपीएम या खुणेजवळचं पायरुवेटचं शिखर खचत जातं आणि १८३ जवळ लॅक्टेटचं डोकं वर काढतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरची पहिली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. किरणोत्सर्ग शून्य.

म्हणजे वारबुर्ग बरोबरच? निरीक्षणात हो, निष्कर्षात नाही. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बन-१३चं ग्लुकोज देऊन, काढलेल्या ऊतींचा एनएमआर (एमआरआयच्याच तत्त्वावरची रासायनिक तपासणी) केला गेला. तो कार्बन ग्लुटामेटमध्ये सापडला; तिथे तो पोचतो तो मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या, ज्वलनचक्रातूनच. मायटोकॉन्ड्रिया चालूच होते! ॲसिटेटही जाळलं जात होतं. ग्लुटामाइन, मेदाम्लं ही आणखी इंधनं. शिवाय साखर सोडली तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतंच. उपचार चालू असताना वजन घटणं मात्र रुग्णाला महागात पडतं.