कंडरेचं दुखणं : व्यायामाला भीती आणि विश्वासाची जोड कशी मिळाली

सिंहगड किंवा पर्वती नेमाने चढणाऱ्याची टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा, दुखायला लागली की सल्ला ठरलेला असतो : शीर सुजलीय, चढणं बंद, आराम कर. घरचे सांगतात, ग्रुपमधले सांगतात. पण या समजुतीला १९७६ सालीच धक्का बसला होता. पुड्डू आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी तेव्हा मांडलं, की कंडरेत सुजेशिवाय नुसती झीजही असू शकते. शिवाय आरामाने दुखणं शमतं, पण कंडरेची भार पेलण्याची ताकद घटते. मग पुन्हा गड चढला की तेच दुखणं परत.

१९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १५ हौशी धावपटूंना उलट वाटेने नेलं. पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, चांगल्या पायाने वर जायचं, सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. दुखलं तरी चालू ठेवायचं, आणि दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन घालायचं.

खरी अडचण इथेच आहे. ‘दुखतंय म्हणजे फाटतंय’ असं ज्याच्या मनात बसलंय, तो हे १२ आठवडे करणार कसा? सोनोग्राफीच्या रिपोर्टमधले झिजेचे उल्लेख ती भीती पक्की करतात. वास्तविक काहीच न दुखणाऱ्या लोकांच्या कंडरेतही असे बदल सापडतात.

या भीतीचा अभ्यास आधी पाठदुखीत झाला. अमेरिकन डॉक्टर एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहण्याचा आग्रह धरला. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये भीती, हालचाल टाळणं, अशक्तपणा आणि आणखी दुखणं हे चक्र नीट मांडलं. कंडरेच्या बाबतीत भीती आधी की दुखणं आधी, याचा निवाडा झालेला नाही. तरी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीने कंडरादुखीच्या संशोधनात मोजायच्या ज्या ९ बाबी ठरल्या, त्यांत मानसिक घटक आहेत.

भीतीवरचा सर्वांत उपयोगी उतारा २००७ मध्ये सिल्बरनागेल यांच्या अभ्यासातून आला. ० ते १० च्या मापावर ५ पर्यंतचं दुखणं चालेल, मात्र सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. एवढं पाळून धावणंही चालू ठेवता येतं. रुग्णाच्या हातात मोजपट्टी आली की प्रत्येक कळेला फिजिओला फोन करावा लागत नाही.

भीतीइतकीच महत्त्वाची रुग्ण आणि उपचार करणारा यांच्या नात्याची बाजू मानसोपचारातून आली. बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये तिचे तीन भाग सांगितले : ध्येयावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परांवरचा विश्वास. ‘दुखणं कमी करू’ हे ध्येय फार ढोबळ आहे. ‘दिवाळीनंतर गड चढायचा’ असं रुग्णाच्या तोंडून आलेलं हवं. आराम करा म्हणणारं घरचं माणूस सोबत असेल तर ५ चा नियम त्यालाही समजावावा, नाहीतर घरी गेल्यावर व्यायाम बंद पडतो. आणि दुखरी जागा नेमकी कुठे आहे हे बोटाने चाचपावं. कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेल्याने ती हाडावर दाबली जाते. अशा वेळी सपाट जमिनीवरच व्यायाम द्यावा; चुकीच्या व्यायामाने दुखणं वाढलेला रुग्ण पुढच्या योग्य सल्ल्यावरही विश्वास ठेवत नाही.