‘मॉडेस्टी’पासून ‘विनयभंगा’पर्यंत

गावातली बाई ठाण्यात सांगते, “त्यानं माहा हात धरला,” किंवा “पऱ्हाटीत येऊन आंगावर हात टाकला.” तिथला लेखनिक कागदावर उतरवतो : “माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य करून माझा विनयभंग केला.” खाली तिची सही नाहीतर अंगठा. यातला ‘विनयभंग’ तिने घरात, शेतात, बाजारात कधी उच्चारलेला नसतो.

हा शब्द आला इंग्रजी ‘मॉडेस्टी’वरून. १८६० साली मंजूर झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेली दंडसंहिता. तिच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीची मॉडेस्टी भंगावी या इराद्याने केलेला हल्ला आणि बळजबरी होती, कलम ५०९ मध्ये तसेच शब्द आणि हावभाव. मॉडेस्टी म्हणजे काय, हे मात्र संहितेने कुठेच सांगितलं नाही.

सगळा गुंता इथून सुरू होतो. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या गुणांचा डौल न मिरवणं हा एक. देहाची आणि वागण्याची मर्यादा हा दुसरा. पहिल्यासाठी मराठीत विनय आहे, दुसऱ्यासाठी लाज, मर्यादा, अब्रू, शील. कायद्याच्या मराठीने दुसऱ्याच्या जागी पहिला बसवला. हिंदी कायद्यात ‘लज्जा भंग’ आहे, तो निदान अर्थाच्या जवळ तरी आहे. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर ‘विद्या विनयेन शोभते’ वाचलेली मुलगी पुढे पेपरात ‘विद्यार्थिनीचा विनयभंग’ वाचते, आणि दोन्हीकडचा विनय एकच कसा, हे तिला कोणी सांगत नाही.

विदर्भात तर या शब्दांना आणखी एक घर आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या विहारांत विनय म्हणजे भिक्खुसंघाच्या आचाराचे नियम आणि शील म्हणजे आपण स्वतः घेतलेलं व्रत. ते मोडतं घेणाऱ्याच्या वागण्याने. दुसऱ्याने अंगाला हात लावल्याने नव्हे. या अर्थाने पाहिलं तर मोडतो तो हात टाकणाऱ्याचा विनय. कायद्याच्या शब्दात मात्र तो बाईचा मोडतो, आणि मग मुळात तिच्याकडे तो किती होता याची चौकशी सुरू होते.

ही चौकशी न्यायालयांतही झाली. पंजाबातल्या साडेसात महिन्यांच्या बाळाच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने म्हटलं, एवढ्या बाळाला लज्जेची जाणीवच नाही, मग गुन्हा कसा? १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताने ठरलं की मॉडेस्टी स्त्रीला जन्मापासूनच असते, वयाचा किंवा समजेचा संबंध नाही.

आपल्या जवळचा खटला देसाईगंजचा, म्हणजे वडशाचा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च १९७२ मध्ये ठाण्यात बोलावलेल्या आदिवासी मुलीवर तिथल्याच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तो निकाल फिरला : एकाला बलात्कारासाठी ५ वर्षं, दुसऱ्याला कलम ३५४ खाली १ वर्ष. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून दोघेही सुटले. अंगावर जखमा नव्हत्या, हा त्यातला एक आधार. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ३५४ चे शब्द तेवढे जागच्या जागी राहिले.

पुढचं लवकर सांगता येईल. २०१३ मध्ये ३५४ ची शिक्षा किमान १ आणि कमाल ५ वर्षं झाली. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठातच १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात निकाल आला : त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही, म्हणून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, ज्यात किमान ३ वर्षं, लागू नाही, लागू फक्त ३५४. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर ‘विनयभंग’ हलक्या गुन्ह्याचं नाव म्हणून वापरला गेलाच.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ३५४ चं कलम ७४ झालं, ५०९ चं ७९. इंग्रजीत मॉडेस्टी कायम, पेपरात विनयभंग कायम. अशी तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची आणि लिहिलेलं तक्रारदाराला वाचून दाखवायचं, हा नियमही आहे. तेव्हा “मी असं नाही म्हटलं, माह्यावाले शब्द लिहा” असं ती म्हणू शकते. ७४ लावायला ‘विनयभंग’ तिच्या तोंडी घालण्याची अट कायद्यात कुठेही नाही.