सोलापुरात काम नसलेल्या गाड्या

पुण्याहून हैदराबादला निघालेल्या ट्रकचं सोलापुरात काही काम नसतं. विजापूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याचंही नसतं. तरी दोघं इथे येतात, कारण राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि ५२ सोलापुरात एकमेकांना छेदतात.

पाटीवरचे हे आकडे उगाच दिलेले नाहीत. २०१० च्या नव्या पद्धतीनुसार सम क्रमांक उत्तर-दक्षिण रस्त्याचा, विषम पूर्व-पश्चिम. म्हणून संगरूर ते अंकोला ५२, आणि पुणे ते मछलीपट्टणम ६५ (आधीचा ९ नंबर). आकडा तीन अंकी असेल तर रस्ता शाखेचा. शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे. रत्नागिरीहून कोल्हापूर-सांगलीमार्गे सोलापूरला येणारा १६६ हा किनाऱ्यालगतच्या ६६ चा फाटा.

रस्त्यांच्या जाळ्यात एखाद्या ठिकाणाचं वजन जोखायचं, तर तिथे किती माणसं राहतात हे पाहून भागत नाही. इतर गावांना जोडणारे जवळचे मार्ग त्या ठिकाणावरून किती जातात, हे मोजतात. या हिशोबात सोलापूर आपल्या लोकसंख्येपेक्षा मोठं ठरतं. त्याची किंमत मात्र शहरातले रस्ते मोजतात.

रस्त्याची कामं दोन: गाडीला न थांबता पुढे जाऊ देणं आणि माणसाला दारापर्यंत पोचवणं. ही दोन्ही एकाच रस्त्याकडून नीट होत नाहीत. विजापूर रोडवर दुकानं, गल्लीतून अचानक बाहेर येणारी दुचाकी, हात केला की थांबणारी रिक्षा आणि मागे परराज्यातला चौदा चाकी ट्रेलर. गळीत हंगामात त्यात दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर. वेगातली ही तफावतच कोंडी करते, आणि अपघातही.

शिवाय वजन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले, तेव्हा एका अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते, असं दिसलं. म्हणजे रस्ता उखडण्यात स्कूटरचा वाटा जवळजवळ शून्य. त्यात आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं असो, पाया हलला की खड्डा ठरलेलाच.

केगाव-हत्तूर बायपासचा उपयोग इथे कळतो. पण तो पुढे जाणाऱ्यांसाठीच. बाजार समितीत कांदा उतरवायला आलेली गाडी शहरात शिरणारच. तिच्यासाठी वेळ ठरवून द्यावी लागते आणि ती पाळलीही जावी लागते.